'डार्क अँड ग्लूमी' लिहून मार्क का मिळत नाहीत: गॉथिकमधला मूड आणि टोन

प्रश्न थोडक्यात असा: एमए इंग्रजी पार्ट वनचा विद्यार्थी आहे, पेपरला अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोच्या तीन कथा, त्याचीच कविता 'द रेव्हन' आणि रॉबर्ट ब्राउनिंगची कविता 'पॉर्फिरियाज लव्हर' आहे, 'गॉथिक साहित्यातील मूड आणि टोन' (गॉथिक म्हणजे भीती आणि गूढ यांभोवती फिरणारं लेखन) या प्रश्नाला त्याने प्रत्येक कलाकृतीपुढे डार्क, ग्लूमी, मिस्टीरियस असं आलटून पालटून लिहिलं आणि दहापैकी तीन मिळाले, तर विचारतोय की हे दोन वेगळे आहेत तरी का आणि असले तर मजकुरात बोट ठेवून दाखवायचे कुठे.

तीन मिळाले म्हणजे तपासणारा भला माणूस होता रे, मी दोनावर भागवलं असतं. रागावू नकोस, चोवीस वर्षं डिग्री कॉलेजात हाच पेपर शिकवतेय आणि दरवर्षी निम्म्या गठ्ठ्यात हेच तीन शब्द असतात, त्यामुळे तू एकटा नाहीयेस. शिवाय गेली काही वर्षं आमच्या ग्रुपबरोबर भाषांतरित गूढकथांचं अभिवाचन करते, आणि खरं सांगायचं तर मूड आणि टोनमधला फरक मला वर्गात शिकवताना नाही कळला, मोठ्याने वाचताना फजिती झाली तेव्हा कळला. ते पुढे सांगते.

आधी शब्दांचं बघू. माझी आजी मालवणकडची. ती भुताची गोष्ट सांगायची ती सुक्या बांगड्याचा भाव सांगावा तशा आवाजात, समोर सुपात कुळीथ, एकेक खडा बाजूला टाकत, 'बघतंय तर तेका पायच नाय', आणि लगेच त्याच आवाजात 'गो, तो दिवो जरा मोठो कर'. दिवा मोठा करायला उठायची आमची कोणाची हिंमत नसायची. आता यात टोन कुठला? बाजारभावाचा. आणि मूड? तो आमच्या अंगावर आलेला काटा. म्हणजे टोन हा सांगणाऱ्याचा सूर, विषयाकडे आणि ऐकणाऱ्याकडे बघायची त्याची रीत, आणि मूड म्हणजे ऐकणाऱ्याभोवती जे वातावरण साचत जातं ते. आजीचा सूर भीतीचा असता तर आम्ही बहुतेक हसलो असतो.

तुझ्या उत्तरातली गोची इथेच आहे. मूडला ग्लूमी म्हटलंस तर ठीक, मोघम आहे पण चूक नाही. टोनलाही ग्लूमी म्हटलंस तिथे सपशेल फसलास, कारण तुझ्या पेपरातल्या पाचपैकी निदान तीन ठिकाणी बोलणारा माणूस अजिबात उदास बोलत नाहीये. एक बढाया मारतोय, एक आदरातिथ्य करतोय, एक शांतपणे हिशेब दिल्यासारखं सांगतोय. अभिजात गॉथिकमध्ये, निदान छोट्या कथेत आणि कवितेत, मूड एका दिशेला जात असतो आणि टोन भलत्याच, आणि भीती या दोघांच्या मधल्या फटीतून आत येते. ही फट शोधायची, बस. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता फजितीचं. सहा-सात वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात आम्ही 'द कास्क ऑफ अमोंटियाडो'चं मराठी रूपांतर वाचलं. साउंडवाल्याने हौसेने पेन ड्राइव्हवर वारा, कोल्हेकुई, करकरणारं दार असं सगळं आणलेलं, हॉलमधले दिवे घालवलेले, आणि मी आवाज खाली नेऊन, शब्दाशब्दाला श्वास सोडत वाचत होते, म्हणजे मला वाटत होतं की काय वातावरण बांधलंय. तिसऱ्या मिनिटाला कोल्हा ओरडला आणि मागच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली, मग पुढची हसली, मग एका आजोबांना खोकला आला तर त्यालाही लोक हसले, आणि कथेतला माणूस भिंतीत चिणला जाईपर्यंत निम्मं पब्लिक बाहेरच्या चहाच्या वासाकडे लागलेलं. घरी येऊन मी कथा परत काढली आणि पहिल्यांदा फक्त मॉन्ट्रेसॉरची, म्हणजे कथा सांगणाऱ्या खुन्याची, वाक्यं वाचली, बाकी सगळं झाकून. त्यात भीतीदायक एकही वाक्य नाही रे! सगळं गोड बोलणं आहे.

कथा 1846 ची. कार्निव्हलचे दिवस, संध्याकाळ, ज्याचा बळी जायचाय तो फॉर्च्युनाटो प्यायलेला, विदूषकाचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, डोक्यावर घुंगरं लावलेली टोपी. मॉन्ट्रेसॉर त्याला म्हणतो की एक दारूचं पिंप घेतलंय, अमोंटियाडो (एक प्रकारची शेरी) म्हणून दिलंय पण मला शंका आहे, तू बिझी दिसतोस, राहू दे, मी लुकेसीला, म्हणजे दुसऱ्या जाणकाराला, विचारतो. आपल्याकडे पंगतीत बढाईखोर पाहुण्याला 'राहू द्या हो, तुम्हाला नाही झेपायचं तिखट' म्हणायचं, की तो अख्खा रस्सा ओरपतो, तसलाच हा उलटा आग्रह. खाली तळघरात गेल्यावर भिंतींना ओल, सोऱ्याचे पांढरे थर, फॉर्च्युनाटोला खोकल्याची उबळ, तर हा परत म्हणतो की चल मागे फिरू, तुझी तब्येत महत्त्वाची, तू श्रीमंत, मानाचा, लोकांच्या लाडाचा माणूस, मला जबाबदारी नको. तो म्हणतो, खोकल्याने काय मी मरत नाही. आणि मॉन्ट्रेसॉर म्हणतो, 'खरंय, खरंय.'

हे 'खरंय, खरंय' कसं वाचशील? मी त्या पहिल्या प्रयोगात घोगऱ्या आवाजात, खुनशी हसत वाचलं होतं. चूक. ते अगदी मायेने, पाठीवर हात ठेवून म्हटल्यासारखं यायला हवं, कारण तो खरंच बोलतोय ना, हा खोकल्याने मरणार नाहीये. पुढच्या वेळी दुसऱ्या गावी आम्ही ट्यूबलाइट चालू ठेवल्या, म्युझिक शून्य, आणि मी लग्नघरात 'अजून एक जिलबी घ्या' म्हणणाऱ्या मावशीच्या आवाजात सगळा मॉन्ट्रेसॉर वाचला. दारू पिताना फॉर्च्युनाटो म्हणतो, इथे पुरलेल्यांच्या नावाने, आणि हा म्हणतो, तुझ्या दीर्घायुष्याच्या नावाने, त्या जागी हॉलमधला पंखा ऐकू येत होता. संपल्यावर एक काका स्टेजपाशी आले आणि जरा दबक्या आवाजात विचारलं, 'पण त्याला शोधायला कोणीच आलं नाही का हो?' मला आजवर मिळालेली सगळ्यात चांगली दाद ती.

आता उत्तरात हे कसं लिहायचं: मूड ज्यातून तयार होतो त्या वस्तू वेगळ्या मोज (ओल, सोरा, हाडांचे ढीग, अरुंद होत जाणारी जागा, मशालींचा मंदावत जाणारा उजेड आणि त्या घुंगरांचा आवाज, जो वर रस्त्यावर गंमतीचा असतो आणि खाली शेवटी तेवढाच उरतो) आणि टोन ज्यातून कळतो ती बोलण्याची रीत वेगळी मोज. मग दोन्हीतलं अंतर सांग. एवढं केलंस तरी सहा कुठे गेले नाहीत.

'द टेल-टेल हार्ट' (1843) तुझ्या पेपरला आहेच. तिथे टोन आणि मूड एकमेकांपासून लांब नाहीत, एकमेकांशी भांडतायत. बोलणारा पहिल्याच वाक्यात मान्य करतो की मी नर्व्हस होतो, भयंकर नर्व्हस, पण वेडा का म्हणता मला, बघा किती शांतपणे सगळं सांगतो. शांतपणे म्हणतो आणि वाक्यावाक्यात डॅश, शब्दांची पुनरुक्ती, उद्गारचिन्हं. म्हणजे तो जो टोन आहे असं सांगतो तो एक, आणि कानाला ऐकू येतो तो दुसरा. आपल्या ओळखीत कोणीतरी असतंच बघ जो 'मी अजिबात चिडलेलो नाहीये' असं टेबलावर हात आपटून सांगतो. ज्या म्हाताऱ्याचा शेवटी खून करतो त्याच्या दाराशी तो आठ रात्री जातो, नुसतं डोकं आत घालायला एक तास लावतो आणि त्याचं कौतुक आपल्याकडून वसूल करायला बघतो, की वेड्याला जमलं असतं का हे. या बढाईत मधेच एक जागा आहे, म्हातारा अंधारात कण्हतो आणि हा म्हणतो की मला तो आवाज ओळखीचा आहे, मध्यरात्री माझ्याच छातीतून कितीदा निघालाय. तिथे टोन क्षणभर गळून पडतो आणि खालचा माणूस दिसतो. परीक्षकाला तो क्षण दाखव, बाकी निम्मं उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

मूड कसा बांधतात ते शिकायचं तर मात्र 'द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर'च. 1839 ची कथा, आणि तिचा पहिला परिच्छेद मी आजही पोरांना पेन्सिल घेऊन वाचायला लावते. पहिलं वाक्यच सुरू होतं 'ड्यूरिंग द होल ऑफ अ डल, डार्क अँड साउंडलेस डे' असं, तो ड-ड-ड ऐक, पावलं ओढत चालल्यासारखा. दिवस, ऋतू, खाली आलेले ढग, घोड्यावर एकटा माणूस, रखरखीत मुलूख, संध्याकाळ, असं करत करत वाक्य लांबत जातं आणि अगदी शेवटच्या शब्दांना ते घर येतं. त्या वाक्यातून वाचकालाही घोड्यावरून तेवढंच अंतर कापावं लागतं. मराठीत आणताना इथे गंमत होते कारण आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे सरळ भाषांतर केलं की वाक्य 'दिसले' वर संपतं आणि घर आधीच येऊन जातं, म्हणून मी ते उलटं करून 'आणि शेवटी समोर आलं ते अशरांचं घर' असं ठेवलं. ऐकायला बरं वाटतं.

अजून एक भाषांतराचा खड्डा सांगते कारण त्यातून मूड म्हणजे काय ते कळतं. त्या वाक्यात 'ऑटम' आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं 'शरद ऋतूतील एका दिवशी'. शब्द डिक्शनरीप्रमाणे बरोबर, पण मराठी माणसाला शरद म्हटलं की कोजागिरी, मसाला दूध, धुतलेलं चांदणं! सगळा मूड धुपला ना तिथेच. 'पानगळीचे दिवस' म्हटलं की जमतं. तसंच 'द रेव्हन'मधला डिसेंबर. तिकडे तो उजाड, चुलीतले निखारे विझत आलेले, आणि आपल्याकडे डिसेंबर म्हणजे हुरडा, लग्नं आणि गोव्याची तिकिटं. मूड शब्दाच्या अर्थात नसतो, त्या शब्दाला लोकांनी काय काय चिकटवलंय त्यात असतो, आणि तुझ्यासारख्या इथे बसून वाचणाऱ्याला तो थोडा मुद्दाम कमवावा लागतो.

अशरकडे परत. निवेदक घर बघतो, मनावर एकदम मळभ येतं, आणि मग तो काय करतो तर कारण शोधायला लागतो! रिकाम्या डोळ्यांसारख्या खिडक्या, थोडं माजलेलं लव्हाळं, सडलेल्या झाडांचे चार पांढरे बुंधे, यात घाबरण्यासारखं काय आहे, बहुतेक या गोष्टींची मांडणी तशी आहे, मांडणी बदलली तर परिणाम कमी होईल. असं म्हणून तो घोडा त्या काळ्या डोहाच्या काठावर नेतो आणि पाण्यात उलटं प्रतिबिंब बघतो. तीच खिडकी, तेच बुंधे, फक्त उलटे. आणि आधीपेक्षा जास्त शहारतो. मला विचारशील तर मूडवरचा अख्खा एक लेक्चर पोने इथे दहा ओळींत देऊन टाकलाय, की हे वस्तूंच्या बेरजेत सापडत नाही. आणि टोन बघ, शिकल्यासवरल्या, तर्क लावणाऱ्या माणसाचा. भूतबित मानत नाही असा. तो समजावून सांगायला जातो आणि प्रत्येक समजावणं फसतं, तसतसं आपल्याला कळत जातं की याच्याकडे उत्तर नाहीये.

या कथेत एक गोष्ट मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त शोभते, असं मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी दोन-तीन पोरं तरी मान वर करतात. पो सांगतो की आसपासचे शेतकरी 'हाऊस ऑफ अशर' हे नाव वाड्यालाही वापरायचे आणि घराण्यालाही. शेवटी त्या घराण्यातले उरलेले भाऊ-बहीण मरतात, वंश संपतो, भिंतीवरची ती नागमोडी भेग रुंदावते आणि वाडा त्या डोहात जातो, पाणी वरून मिटतं. आपल्याकडे 'त्यांचं घर बुडालं' म्हणतात ते हेच की. इंग्रजीत पोला जे दोनदा सांगावं लागलं ते मराठीत एका वाक्यात आहे आणि तेही शब्दशः!

आता 'द रेव्हन'. जानेवारी 1845 मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात आली, 18 कडवी, 108 ओळी. दुसऱ्या वर्षी पोने 'द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन' नावाचा निबंध लिहून ती कशी रचली ते सांगितलं: आधी परिणाम ठरवला, मग लांबी (साधारण शंभर ओळी), मग टोन, तर तो खिन्नतेचा, मग पालुपद, त्यात लांब 'ओ' आणि 'र' हवा म्हणून 'नेव्हरमोर' (पुन्हा कधीच नाही), मग हे कोण म्हणेल तर एखादा बोलणारा पक्षी, पहिल्यांदा पोपट डोक्यात आला, मग कावळा. शेवटाजवळचं कडवं आधी लिहिलं म्हणतो. यातलं किती खरं आणि किती नंतर जुळवलेलं यावर अभ्यासक भांडत आलेत, माझं मत विचारशील तर माणूस थोडा शो करतोय, पण निबंध वाच, कारण काय शोधायचं ते त्यात आहे. आणि तो पोपट राहिला असता तर काय झालं असतं याचा विचार करून मला अजून हसू येतं. दाराच्या वर बसून पोपटपंची!

इथे जरा सावध राहा. पो स्वतःच खिन्नतेला टोन म्हणतो, आणि म्हणून सगळी गाइडं पण तेच छापतात. पण कविता मोठ्याने वाच, टोन सरकत जातो. सुरुवातीला पेंगुळलेला माणूस आहे, दारावर टकटक झाली तर तो दारापलीकडच्याला म्हणतो, सर म्हणा वा मॅडम, माफ करा, जरा डुलकी लागली होती. हे सौजन्य आहे, जवळजवळ विनोदी. पक्षी आत येऊन पॅलसच्या (म्हणजे ग्रीक देवी अथीनाच्या) पुतळ्यावर ऐटीत बसतो तेव्हा याला हसूच येतं, नाव काय म्हणून थट्टेने विचारतो, आणि आठव्या कडव्यात पहिल्यांदा 'नेव्हरमोर' येतं. पहिल्या सात कडव्यांच्या शेवटी 'नथिंग मोर', 'एव्हरमोर' असं काहीतरी होतं, म्हणजे कान आधीच तयार करून ठेवलेला. मग तो खुर्ची ओढून पक्ष्यासमोर बसतो, आणि इथून खेळ बदलतो. आता त्याला उत्तर माहितीये. तरी तो असेच प्रश्न विचारतो ज्यांना 'नेव्हरमोर' हे उत्तर सगळ्यात जास्त लागेल: माझ्या दुःखाला औषध आहे का, माझी गेलेली प्रेयसी लेनोर स्वर्गात भेटेल का. जखमेची खपली माणूस स्वतःच काढतो ना, दुखतं माहीत असून, तसं. पक्ष्याचा सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, किंबहुना त्याला सूरच नाहीये, आणि माणसाचा थट्टेपासून किंचाळण्यापर्यंत जातो. मूड पडद्यांची सळसळ आणि विझत्या निखाऱ्यांमुळे पहिल्यापासून बसलेला, तो हलत नाही. टोन चढतो. हे वाक्य पाहिजे तर जसंच्या तसं पेपरात लिही.

'रेव्हन'चं मराठीत 'कावळा' केलं की अजून एक भानगड. आपला कावळा खिडकीत ओरडला तर पाहुणे येणार, आणि पिंडाला शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहिलंय. कवितेत पाहुणा पण आहे आणि गेलेली लेनोर पण, त्यामुळे मराठी कानाला त्यात पोने न घातलेला एक जास्तीचा थर ऐकू येतो. काही जण म्हणून 'डोमकावळा' करतात. मी 'कावळा'च ठेवते, फुकट मिळालेला मूड कशाला सोडा. आणि पडक्या जागी बसून एकसुरी बोलणारा पक्षी मराठीत शोधायचाच असेल तर बालकवींचा 'पारवा' वाच, खचलेली भिंत, पडकी धर्मशाळा आणि कौलावरचा तो एकटा. तुलना पेपरात करू नकोस, सिलॅबसबाहेर जाईल, पण कान तयार होतो.

ब्राउनिंगची 'पॉर्फिरियाज लव्हर' 1836 ची, साठ ओळींची, आणि फक्त डार्क लिहिणाऱ्यांचा घात करणारी. सुरुवातीला पाऊस, चिडका वारा, म्हणजे टिपिकल गॉथिक मूड. पण पॉर्फिरिया आत येते, दार लावून थंडी बाहेर ठेवते, शेगडी पेटवते आणि खोली उबदार होते. खून त्या उबेत होतो, वादळात नाही. तिचा प्रियकर, जो हे सगळं सांगतोय, तिच्याच केसांचा दोर तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळतो, आणि ओळींची चाल एका मात्रेनेही अडखळत नाही, जे यमक आधी चाललं होतं तेच पुढे. 'तिला दुखलं नाही, माझी खात्री आहे तिला दुखलं नाही' असं तो म्हणतो, आणि हे दोनदा म्हणण्यातच सगळं आलं. टोन शांत, समाधानी. मूड तुझा तू ठरव, पण ग्लूमी लिहू नकोस प्लीज.

अजून खात्री पटवायची असेल तर कोलरिजची 'क्रिस्टाबेल' उघड, 1816 ला छापली. मध्यरात्र, किल्ला, घुबडं, म्हातारी कुत्री घड्याळाच्या ठोक्यांना भुंकून उत्तर देते, आणि कवी विचारतो, रात्र थंड आणि काळोखी आहे का? आणि स्वतःच सांगतो, थंड आहे, काळोखी नाही. पौर्णिमेचा चंद्र पातळ ढगामागे आहे, तरी बारका आणि मंद दिसतोय. काळोख कवीनेच नाकारला की! पूर्ण काळोखापेक्षा तो अर्धवट उजेड जास्त छळतो. 1816 च्याच जूनमध्ये जिनिव्हाजवळच्या व्हिला डिओडाटीत कवी बायरनने ही कविता म्हणून दाखवली आणि कवी शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला, असं बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याच्या डायरीत आहे. कीट्सची 'ला बेल दाम साँ मेर्सी' पण बघ, प्रत्येक कडव्याची चौथी ओळ तोकडी. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी, तसं होतं दर वेळी.

धास्ती आणि थरकाप हा फरकही माहीत असू दे, अ‍ॅन रॅडक्लिफ या गॉथिक कादंबरीकार बाईंच्या 1826 च्या निबंधात 'टेरर' आणि 'हॉरर' म्हणून येतो: पहिल्याने मन ताणलं जाऊन जागं होतं, दुसऱ्याने गोठतं. काहीतरी होणार आहे ही धास्ती, झालेलं दिसलं की थरकाप. छोट्या गॉथिक कथेत धास्तीच जास्त आणि थरकाप शेवटच्या परिच्छेदात, कधी तर तोही नाही. व्याख्या पाठ करू नकोस, एखाद्या प्रसंगाला लावून दाखव.

सिलॅबसमध्ये नसली तरी एक कथा वाचच, शार्लट पर्किन्स गिल्मनची 'द यलो वॉलपेपर', 1892. बाई डायरी लिहितेय, सूर अगदी समजूतदार सुनेचा: नवरा मला हसतो, पण संसारात ते धरूनच चालायचं असतं. नवरा डॉक्टर, त्याने हिला आराम सांगितलाय, लिहायचं नाही, काही करायचं नाही. गिल्मनला स्वतःला असल्या विश्रांतीच्या उपचाराचा अनुभव होता, ते तिने पुढे लिहिलंय. कथेतल्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे, आणि बाई म्हणते इथे आधी मुलांची खेळायची खोली असणार. वाचक तिथेच थबकतो. गज आणि कड्या दुसऱ्या कुठल्या जागी असतात ते आपल्याला कळतं, तिला कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाहीये. गॉथिक म्हटलं की किल्ला आणि वटवाघळं शोधणाऱ्यांनी ही खोली बघावी. एका वर्षी वर्गात एक मुलगी हे वाचताना मधेच थांबली आणि म्हणाली, मॅडम, हा टोन माझ्या आईचा आहे. मी पुढे काही शिकवलं नाही त्या तासाला.

पेपरापुरतं म्हणशील तर टोनला विशेषण देताना एकावर थांबू नकोस, दोन दे आणि ती एकमेकांना टोचणारी असू देत: बढाईखोर पण घाबरलेला, मायाळू पण थंड, समजूतदार पण घुसमटलेला. एक विशेषण कुठल्याही गाइडात मिळतं, दुसरं कथा वाचल्याशिवाय सुचत नाही हे आम्हाला पेपर तपासताना बरोबर कळतं. आणि टोन तडकतो ती एक जागा प्रत्येक कथेत शोधून ठेव, तेवढी चार-पाच वाक्यं पाठ असली की झालं.

'कास्क'मधली ती जागा तुलाच शोधायला सांगणार होते पण राहू दे, सांगते. अकरावा थर, शेवटचा दगड बसायचा बाकी, आतून हाक येत नाही, फक्त घुंगरं वाजतात. आणि मॉन्ट्रेसॉर म्हणतो माझं काळीज कसंसंच झालं, आणि लगेच पुढे जोडतो, तळघरातल्या ओलीमुळे. पन्नास वर्षांनी सांगतोय तो हे, आणि अजूनही ओलीमुळेच म्हणतोय. मी ते 'ओलीमुळे' घाईघाईत वाचून पाहिलंय, थांबून वाचून पाहिलंय, हसून पण वाचलंय. सध्या घाईघाईत वाचते. तू मोठ्याने वाचून बघ आणि तुला कसं बरोबर वाटतं ते कळव.